पंधराचं मॅगझीन, दहाचा कायदा: न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचं प्रकरण

हे प्रकरण ज्या घरातलं आहे त्यांनी लिहायला हो म्हटलंय, पण नावं बदललीत आणि गाव सांगत नाही, मिडलसेक्स काउंटी एवढं पुरे, तिथे मराठी माणूस कुठल्याही गल्लीत सापडतो. मी न्यू जर्सीत एका वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते, स्वतः वकील नाही, त्यामुळे यातलं काही उचलून कोणी आपल्या केसला लावू नका. पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत, किती गोळ्या चालतील हा नियम वाचायला दोन ओळींचा आहे, पण माणूस अडकतो तो तारखेत आणि कागदात, आणि ग्रीन कार्डवर असेल तर जास्तच अडकतो, हे या केसमध्ये जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पार्श्वभूमी

अनिकेत २००६ साली एच-वन-बीवर आला. त्या व्हिसावर असताना बंदूक बाळगताच येत नाही, फेडरल कायदा तसा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर. २०१४ मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि मग ऑफिसातल्या मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाणं सुरू झालं, आधी भाड्याच्या पिस्तुलावर, मग स्वतःचं हवंसं वाटायला लागलं. त्यात आजूबाजूच्या देशी घरांत घरफोड्या झाल्या होत्या. आपल्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांनाही आता पाठ आहे. बायको तेजश्री सुरुवातीला अजिबात तयार नव्हती, लॉकर बोल्ट करून बसवायचा आणि चावी मुलाच्या हाती लागता कामा नये या अटीवर ती कशीबशी हो म्हणाली.

न्यू जर्सीत बंदूक घेणं म्हणजे टेक्ससमध्ये दुकानात जाऊन घेण्यासारखं नाही. आधी गावच्या पोलिसांकडे फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्डाचा अर्ज, बोटांचे ठसे, दोन रेफरन्स, शिवाय प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट आणि त्या परमिटला ९० दिवसांची मुदत. हे सगळं रीतसर करून त्याने २०१६ मध्ये ग्लॉक १९ घेतलं. या पिस्तुलाचं नेहमीचं मॅगझीन पंधरा गोळ्यांचं असतं आणि न्यू जर्सीची तेव्हाची मर्यादाही पंधराचीच होती, १९९० पासून. म्हणजे कंपनीकडून जसं येतं तसं कायदेशीर. पिस्तुलाबरोबर आलेली मॅगझिन्स होती, नंतर रेंजवर सारखं भरत बसायला नको म्हणून त्याने अजून घेतली. किती घेतली याची नोंद त्याने ठेवली नव्हती, आणि कायद्याने ठेवायलाही सांगितलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ज्यांनी कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅगझीन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची पत्र्याची किंवा प्लास्टिकची लांबट डबी. आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर फॉलोअर नावाचा तुकडा जो गोळ्या वर ढकलतो, आणि खाली सरकवून काढता येणारी बेसप्लेट. ग्लॉकच्या डबीला मागच्या बाजूला छोटी छोटी भोकं असतात, बाजूला आकडे, आत किती भरल्यात ते त्यातून दिसतं. कायद्याची मर्यादा या डबीवर आहे, पिस्तुलावर नाही, त्यामुळे नळीत आधीच एक गोळी असेल तर ती यात मोजत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पिस्तुलावर सिरीयल नंबर असतो, डबीवर मालकाशी जोडणारं काहीच नसतं.

भारतात वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे लायसन्सच्या पुस्तकात शस्त्र चढतं, काडतुसं किती घ्यायची तेही लिहिलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं असं केलं तेव्हा तिसरं जमा करायला १३ डिसेंबर २०२० पर्यंत वर्षभराची मुदत दिली, आणि कोणाकडे तिसरं आहे हे सरकारला पुस्तकातून दिसत होतं. तेजश्रीच्या माहेरी हा प्रकार होऊन गेलाय, त्यामुळे तिच्या डोक्यात कायद्याची तीच पद्धत बसलेली, की सरकारचं पत्र येईल, मग बघू. इथे पत्र येणार नव्हतं, कारण सरकारला माहीतच नव्हतं कोणाकडे काय आहे.

अडचण

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला आणि त्यानंतर बऱ्याच राज्यांत बंदुकीचे कायदे कडक व्हायला लागले. न्यू जर्सीत गव्हर्नर फिल मर्फी नवीन आलेले, त्यांनी १३ जून २०१८ ला एकदम सहा कायद्यांवर सह्या केल्या, त्यातला एक म्हणजे पंधराची मर्यादा दहावर. दहा हा आकडा १९९४ च्या फेडरल बंदीत होता, ती दहा वर्षांची होती आणि २००४ मध्ये संपली, नंतर राज्यं तोच आकडा उचलत राहिली. बाजू घेणारे सांगतात की मॅगझीन बदलायला थांबावं लागलं की तेवढ्यात लोकांना पळता येतं किंवा धरता येतं, २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला ३३ गोळ्यांचं मॅगझीन संपल्यावर बदलतानाच गोळीबार करणाऱ्याला लोकांनी पाडलं होतं. विरोधातले म्हणतात की चोर थोडाच मोजून दहा भरणार, आणि देशात सगळ्यात जास्त खपणारी पिस्तुलं पंधरा-सतराचीच येतात मग ती असाधारण कशी. मला दोन्हीत तथ्य वाटतं, पण अनिकेतसमोर प्रश्न तो नव्हताच.

त्याच्यासमोरचा प्रश्न असा, की नवा कायदा फक्त विक्रीवर नव्हता, घरात आधीपासून असलेल्यावरही होता. कोलोरॅडोने २०१३ मध्ये पंधराची मर्यादा आणली तेव्हा आधीपासून ज्यांच्याकडे मोठी होती त्यांना ती ठेवू दिली होती, इथे तसं काही नाही. १८० दिवस, म्हणजे १० डिसेंबर २०१८ पर्यंत काय ते करा, त्यानंतर पंधराचं मॅगझीन जाणूनबुजून जवळ ठेवणं हा चौथ्या दर्जाचा गुन्हा, दीड वर्षापर्यंत तुरुंग आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. भरपाई नाही. निवृत्त पोलिसांना पंधराची सवलत होती, यावर रेंजवर काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अनिकेत ग्रीन कार्डवर, तेजश्रीही. २०१९ मध्ये दोघं सिटिझनशिपला पात्र होणार होते. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी डिपोर्टेशनचं वेगळं कलमच आहे. नुसतं मॅगझीन त्यात बसतं की नाही यावर वकील भांडू शकतात, कारण फेडरल व्याख्येत मॅगझीन म्हणजे बंदूक नव्हे, पण ते भांडण आपल्या नावाच्या फाईलवर कोणाला बघायचंय? शेजारच्या अमेरिकन माणसाला जे फार तर एक वाईट वर्ष ठरलं असतं ते यांच्यासाठी बारा वर्षांच्या रांगेचं पाणी करणारं होतं.

पहिला निर्णय: थांबायचं की करून टाकायचं

कायद्यावर सही झाली त्याच दिवशी राज्यातल्या रायफल आणि पिस्तूल क्लबांच्या संघटनेने फेडरल कोर्टात केस टाकली. रेंजवर सगळ्यांचं एकच, थांब रे, स्टे येणार, म्हणजे कोर्ट कायदा तात्पुरता थांबवणार. आणि हा विचार अगदी हवेतला नव्हता, कॅलिफोर्नियात जवळ बाळगण्यावरची अशीच बंदी १ जुलै २०१७ ला लागू व्हायची होती आणि जज बेनिटेझ यांनी दोन दिवस आधी, २९ जूनला ती थांबवली होती. सगळे तेच उदाहरण देत होते.

अनिकेत थांबला. २८ सप्टेंबरला जज शेरिडन यांनी स्टे नाकारला, तेव्हा खरं तर हलायला हवं होतं, पण अपील फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटमध्ये, म्हणजे वरच्या फेडरल अपील कोर्टात गेलं आणि परत तेच, थांब. ५ डिसेंबर, बुधवारी निकाल आला, दोन विरुद्ध एक, कायदा टिकला. बहुमताचा निकाल जज श्वार्ट्झ यांचा. विरोधातले जज बिबास यांचं म्हणणं असं की सरकारने ठोस पुरावा द्यायला हवा होता, नुसता अंदाज चालणार नाही. तो विरोधी निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर इतका फिरला की दोन-तीन लोकांना वाटलं आपण जिंकलो. मुदत सोमवारी संपत होती.

गुरुवारी त्याचा आमच्या ऑफिसात पहिला फोन आला.

पर्याय

कायद्याने चार वाटा दिल्या होत्या. ज्याला कायद्याने ठेवता येतं अशा माणसाला किंवा दुकानाला देऊन टाका, मॅगझीन निकामी करा, दहाच गोळ्या मावतील असं कायमचं बदलून घ्या, किंवा पोलिसांकडे जमा करा. रजिस्टर करून ठेवायची एक पाचवी वाट होती पण ती ज्या बंदुकांचं मॅगझीन बदलताच येत नाही त्यांच्यासाठी, ग्लॉकला ती लागू नाही, कारण दहाचं मॅगझीन बाजारात मिळतं. बऱ्याच लोकांनी ती वाट आपल्याला आहे असं धरलं होतं, अनिकेतनेही.

जमा करायला त्याचं मन होईना. पैसे फार नव्हते, पण रीतसर परमिटवर घेतलेल्या पिस्तुलाचं मॅगझीन फुकट का द्यायचं हा राग होता, आणि तो राग मला समजतो.

पेनसिल्व्हेनियाचा पर्याय आपसूक पुढे आला. डेलावेअर नदी ओलांडली की राज्याची मर्यादाच नाही, आणि तेजश्रीचा मोठा भाऊ ॲलनटाऊनकडे राहतो, सिटिझन, स्वतःची पिस्तुलं आहेत. मॅगझीन फेडरल कायद्यात बंदूक धरत नसल्याने राज्याबाहेर द्यायला डीलर मध्ये लागत नाही, पिस्तूल असतं तर लागला असता. पण आमच्या वकिलांनी एक खोच काढली. ती 'दिली' म्हणजे दिली, 'ठेवायला दिली' नव्हे. मालकी मनात आपलीच ठेवून दादाच्या कपाटात ठेवली आणि उद्या कोणी विचारलं तर उत्तर काय? म्हणून कागद करा.

यावर घरात जे झालं ते तेजश्रीने मला नंतर सांगितलं. अनिकेत म्हणाला, "दादांकडून पावती कसली घ्यायची, ते काय म्हणतील." ती म्हणाली, "दादाला काय वाटेल ते मी बघते, तू प्रिंट काढ." आणि दादाने फोनवर विचारलं, "एवढ्याशा डब्यांना नोटरीपण हवाय का?" नोटरी नको होता. तारीख, सही, वर्णन, आणि विकत किंवा भेट म्हणून कायमची दिली एवढं वाक्य पुरे होतं.

बदलून घेण्याचा पर्याय दिसायला सोपा, करायला अवघड, कारण शेवटच्या आठवड्यात सगळ्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे, रांगा. शिवाय कायमचं म्हणजे किती कायमचं? बेसप्लेट काढून आत प्लास्टिकचा ठोकळा टाकला तर फॉलोअर खाली जात नाही आणि दहाच मावतात, पण बेसप्लेट परत काढता येत असेल तर ठोकळाही काढता येतो, मग ते कायमचं कसं? ऑनलाईन पाच डॉलरचे ठोकळे विकले जात होते आणि लोक ते टाकून झालं म्हणत होते. आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एकाने तर दहापुढची भोकं मार्करने काळी केली होती. खरंच.

काय केलं

त्याने आठवून मोजली, चार निघाली. दोन बदलायची, दोन द्यायची असं ठरलं.

शुक्रवारी ऑफिस अर्धं टाकून तो जर्सीतच एका लहान दुकानात गेला, तिथल्या म्हाताऱ्या गनस्मिथने दोन्ही उघडून ठोकळा बसवला, बेसप्लेट इपॉक्सीने चिकटवली आणि वरून आरपार रिव्हेट मारला, म्हणजे उघडायची तर डबी फोडावीच लागेल. मग त्याने खोट्या गोळ्या काढल्या, भरायच्या सरावाला वापरतात त्या, आणि अनिकेतसमोर एकेक भरली. दहावी जरा जोर लावून गेली. अकरावी अंगठ्याने दाबून दाबून दाखवली, जात नाही म्हणजे नाही, नख पांढरं झालं तरी. बिलावर त्याने हाताने लिहिलं, दोन मॅगझिन्स दहावर कायमची बदलली, तारीख घातली. हे लिही असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण असा माणूस मिळणं नशीब.

रविवारी, ९ तारखेला, उरलेली दोन रिकामी ट्रंकमध्ये टाकून आय-७८ ने फिलिप्सबर्गवरून ईस्टन आणि पुढे दादाकडे. पिस्तूल बरोबर नेलं नाही, वकिलांनी मुद्दाम सांगितलं होतं. सही झाली, जेवण झालं, दुसऱ्या दिवशी मुदत संपली. फाईल बंद झाली असं आम्ही धरलं.

पाचवं मॅगझीन

२०२१ चा वसंत. सिटिझनशिपचा अर्ज लांबत लांबत आता भरायला घेतलेला, कोविडमुळे घरीच असल्याने गॅरेज आवरायला काढलेलं. अनिकेतची जुनी रेंज बॅग, जी त्याने नवी घेतल्यावर वर फळीवर टाकली होती, ती तेजश्रीने कचऱ्यात काढायच्या आधी खिसे चाचपले. बाजूच्या खिशात कानात घालायचे फोमचे बोळे, एक जुनी पावती, आणि मॅगझीन. रिकामं. मागे भोकं पंधरापर्यंत.

माझ्या मते खरी केस इथून सुरू होते.

पहिल्या अर्ध्या तासात चार सूचना आल्या. दादा म्हणाला नदीत टाक आणि विसर. रेंजवरचा मित्र म्हणाला हातोडीने ठेच आणि कचऱ्यात टाक, कोणाला कळणारे. अनिकेतला वाटलं तेवढं एक दादाकडे नेऊन द्यावं, मागच्या पावतीवर एक ओळ वाढवावी. तेजश्री म्हणाली कशालाच हात लावायचा नाही, फोन लाव.

ती पावतीची कल्पना सगळ्यात वाईट होती, आणि दिसायला सगळ्यात निरुपद्रवी. २०१८ ची तारीख असलेल्या कागदावर २०२१ मध्ये ओळ वाढवणं म्हणजे जिथे गुन्हा नव्हता तिथे खोटा कागद तयार करणं. शिवाय मुदतीनंतर ते मॅगझीन गाडीत घालून राज्यात फिरवणं म्हणजे जाणूनबुजून जवळ बाळगणंच. कायद्यात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे आणि अनिकेतची सगळी बाजू त्या शब्दावर उभी होती, की बॅगेत आहे हे त्याला माहीत नव्हतं. सापडलं त्या क्षणापासून माहीत झालं. आता प्रत्येक तास मोजला जाणार होता.

घरी तोडून टाकायचा पर्याय आमच्या ऑफिसातही गंभीरपणे बोलला गेला. फायदा असा की वस्तूच राहत नाही. तोटा असा की नंतर कोणी विचारलं तर तुम्ही काय केलंत याला तुमचा शब्द सोडून काही नाही, आणि सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे की अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केलाय का. शपथेवर उत्तर द्यायचंय. तोडून टाकलं तर त्या प्रश्नासमोर माणूस एकटा.

शेवटी वकिलांनी जुन्याच कलमाचा आधार घेतला. न्यू जर्सीच्या शस्त्रांच्या प्रकरणात स्वखुशीने जमा करण्याची तरतूद आहे: आधी लेखी कळवायचं, कोणत्या दिवशी किती वाजता जमा करणार ते त्यात लिहायचं, आणि हे पत्र कोणतीही तक्रार किंवा तपास सुरू व्हायच्या आधी पोहोचलं पाहिजे, मग त्या वस्तूसाठी दोषी धरता येत नाही. २०१८ च्या कायद्यानेही जमा करायची वाट याच कलमातून दिली होती. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी पत्र, मग वस्तू. लोक उलट करतात, प्रामाणिकपणे गाडीत टाकून पोलिस स्टेशनला जातात, आणि वाटेत टेललाइट बंद म्हणून कोणी थांबवलं तर सगळा प्रामाणिकपणा बोंबलतो.

मी पोलिस चीफच्या ऑफिसला फोन केला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला पत्र कशाला, घेऊन या ना. चांगल्या मनानेच म्हणाला. आम्ही तरी पत्र पाठवलं, पोहोचल्याची पोच घेतली, दिवस-वेळ ठरली, आणि अनिकेत वकिलांबरोबर गेला. ऑफिसरने मॅगझीन उलटंपालटं करून पाहिलं, एक मॅगझीन, नऊ एमएम, पंधरा क्षमता, असं लिहून पावती दिली. प्रश्न विचारला एकच, घरी अजून आहेत का. यावेळी घर खरोखर शोधून झालेलं होतं.

निकाल

राज्याकडून काही झालं नाही, ना चार्ज ना फोन. दादाकडची दोन तिकडेच आहेत, अनिकेत तिकडे गेला की तिकडच्या रेंजवर दादाच्या मालकीची म्हणून वापरतो आणि तिकडेच सोडून येतो, ते कायदेशीर आहे. जर्सीत बदललेली दोन आणि नंतर घेतलेली दहाची. रिव्हेटवालं एक अधूनमधून अडकतं, ठोकळ्यामुळे स्प्रिंगवर जादा ताण येतो असं गनस्मिथने आधीच सांगितलं होतं.

सिटिझनशिपच्या फॉर्मवर काय लिहायचं यावर इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला वेगळा घेतला, कारण आमचे वकील राज्याच्या फौजदारी कायद्याचे. त्यांनी 'हो' वर खूण करून सोबत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण, पत्राची प्रत आणि पोलिसांची पावती जोडायला सांगितलं. २०२२ च्या सुरुवातीला नुअर्कला मुलाखत झाली, अधिकाऱ्याने त्या पानावर थांबून दोन प्रश्न विचारले, पावती पाहिली आणि पुढे गेला. शपथ त्याच वसंतात झाली. तेजश्रीचा फॉर्म वेगळा आणि तिच्या बाजूने तो प्रश्न उद्भवलाच नाही, पण घर एकच असल्याने तिच्यावरही बोट येऊ शकलं असतं, हे आम्ही तिला आधी सांगून ठेवलं होतं.

एक फाटा अजून आहे. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या ब्रुएन केसमध्ये बंदुकीचे कायदे तपासायची कसोटीच बदलली, इतिहासात असा नियम होता का ते बघा म्हणून, आणि ३० जूनला न्यू जर्सीच्या मॅगझीन केसमधला खालच्या कोर्टाचा निकाल रद्द करून केस परत पाठवली. ग्रुपवर फटाके फुटले, कायदा गेला, आणा रे परत. अनिकेतने दादाला फोनही लावला होता. पण रद्द झाला होता तो निकाल, कायदा नव्हे, बंदी जशीच्या तशी लागू होती. ३० जुलै २०२४ ला परत जज शेरिडन यांनीच नव्या कसोटीवर निकाल दिला, एआर-१५ या रायफलवरच्या बंदीबद्दल सरकारविरुद्ध, पण दहाची मर्यादा कायम, आणि दोन्ही बाजू अपिलात गेल्या. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये बंदी खरंच उठली होती, जज बेनिटेझ यांच्या २९ मार्चच्या निकालापासून ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत, आणि त्या आठवड्यात घेतलेल्यांना स्टेच्या ऑर्डरमध्येच संरक्षण दिलं होतं. ती बातमी डोक्यात ठेवून न्यू जर्सीत वागणारे मी पाहिलेत. शेवटी २० मार्च २०२५ ला तिथल्या अपील कोर्टाने, नाइन्थ सर्किटनेही सात विरुद्ध चारने तो कायदा टिकवला.

वेगळं काय करता आलं असतं

सप्टेंबरमध्ये स्टे नाकारला गेला तेव्हाच सगळं उरकता आलं असतं. थांबण्यात मिळणार होतं काय, तर थोड्याफार किमतीची मॅगझिन्स ठेवायचा हक्क, आणि पणाला लागलं होतं ग्रीन कार्ड. अमेरिकन मित्रांच्या सल्ल्यात काही चूक नव्हती, फक्त तो त्यांच्यासाठीचा सल्ला होता.

बदलून घेण्याची कटकटही माझ्या मते नकोच होती. सगळी दादाला किंवा राज्याबाहेरच्या दुकानाला देऊन दहाची नवी घेतली असती तर ते कायमचं आहे की नाही हा प्रश्न कधीच आला नसता, शिवाय ती अडकलीही नसती. अनिकेतला हे अजून पटत नाही, तो म्हणतो गनस्मिथच्या बिलासारखा कागद विकत घेतलेल्या डबीला मिळत नाही. त्यात थोडं तथ्य आहे.

मोजणी मात्र आठवणीवर करायला नको होती. क्रेडिट कार्डाची जुनी स्टेटमेंट काढली असती तर पाचव्या मॅगझीनची खरेदी तिथेच दिसली असती, आम्ही २०२१ मध्ये काढली तेव्हा दिसली. आता आमच्याकडे असा कोणी आला की पहिल्याच फोनवर हे सांगतो, आणि बॅगा, गाडीची ट्रंक, पिस्तुलाची मूळ पेटी, सगळं उलथून बघायला सांगतो.

'हो' वर खूण करायला हवी होती का, यावर मात्र आमच्या ऑफिसात आजही दोन तट आहेत. एका वकिलांचं म्हणणं, ज्या कलमाखाली दोषी धरताच येत नाही त्याला गुन्हा केला असं स्वतःहून लिहून देणं म्हणजे आ बैल मुझे मार, 'नाही' हेच खरं उत्तर होतं, आणि अधिकारी कडक भेटला असता तर ते अर्धं पान महागात पडलं असतं. दुसऱ्यांचं म्हणणं, सापडल्यापासून जमा करेपर्यंतचे दिवस त्याच्याकडे ते माहीत असूनच होतं, दोषी न धरणं आणि गुन्हा न घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नंतर कधी पोलिसांची पावती समोर आली असती तर मॅगझीनपेक्षा लपवलं हे जास्त नडलं असतं. अनिकेतने दुसऱ्यांचं ऐकलं. पहिले वकील अजूनही म्हणतात की त्याचं नशीब चांगलं.